चाकांवरच्या खोलीसाठी पंप

सुजाता रामटेके हे नाव आधी लिहितो, मग बाकीचं सांगतो. रोहण्याच्या शाळेत त्या आम्हाला विज्ञान शिकवायच्या. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. वडील आठवडी बाजारांत मिरची विकायचे, आई त्यांच्याबरोबर बसायची, आणि दहावी झाल्यावर मीही तिथेच बसायचं हे ठरल्यासारखंच होतं. त्यात कोणाला काही वाईट वाटत नव्हतं. मॅडमना मात्र वाटलं. त्या बाजाराच्या दिवशी यायच्या, वडिलांसमोर उकिडव्या बसायच्या आणि मिरची निवडता निवडता माझ्या कॉलेजचा विषय काढायच्या. वडील म्हणायचे, "मॅडम, हा गेला तं तराजू कोन धरन?" मॅडम मिरची घेऊन परत जायच्या आणि पुढच्या बाजारी पुन्हा यायच्या. एवढ्या मिरचीचं ही बाई करते काय, हा प्रश्न शेवटी माझ्या आईलाच पडला. तिने वडिलांना सांगितलं, पोराले जाऊ द्या, नाई तं त्या बाईच्या पोटात आग पडन. असा मी आर्वीला कॉलेजात गेलो आणि बी.एस्सी. झालो.

पदवीनंतर नागपुरात कॉम्प्रेसरच्या एका दुकानात लागलो. आधी गोदामात, मग दुरुस्तीत, मग गिऱ्हाइकासमोर. पुढे वर्ध्यात नागपूर रोडला स्वतःचं दुकान टाकलं. वडील बाजारात ओळखीच्यांना सांगायचे, "माहा पोरगा हवा इकते." हे सांगताना त्यांच्या तोंडावर अभिमान असायचा आणि थोडा संशयही. फुकटची वस्तू विकून कोणाचं घर चालतं, हे त्यांना कधी पुरतं पटलं नाही.

खरं तर मी हवा विकत नाही, हवेला दाबून एका जागी बसवायचं यंत्र विकतो. पंक्चरवाला, गाड्यांना रंग मारणारा, दातांचा डॉक्टर, कापसाच्या जिनिंगमधला फिटर, सगळ्यांना ते लागतं आणि प्रत्येकाला वेगळं लागतं. दातांच्या डॉक्टरला आवाज नको असतो, कारण पेशंट आधीच घाबरलेला असतो. रंगवाल्याला हवेत तेलाचा थेंबही चालत नाही. सेलूच्या एका मंडपवाल्याने एकदा माझ्याकडचं सगळ्यात मोठं मशीन हवं म्हणून हट्ट धरला. लग्नाच्या दारात फुगवायची कापडी कमान त्याने नवीन आणली होती. मी सांगितलं, भाऊ, ह्या कमानीला दाब नको, नुसता वारा पाहिजे, तुला पंखा लागतो. त्याला वाटलं मी टाळतोय. तो दुसरीकडून मोठं मशीन घेऊन गेला. वऱ्हाड जेवून उठलं तरी त्याची कमान गुडघ्यावरच होती. आता तो दरवर्षी मला पत्रिका देतो, कोणाच्याही लग्नाची.

अशा गिऱ्हाइकांमुळे मी तीन प्रश्न पाठ केले आहेत. हवा कशात भरायची, किती दाबाने भरायची, आणि कुठे उभं राहून भरायची. खोक्यावर मोठ्या अक्षरात जो आकडा छापलेला असतो, तो मशीन दमून थांबायच्या आधी एखाद्या क्षणी गाठतं तो आकडा. आपल्याला हवा असलेला दाब ते किती वेळ देऊ शकतं, हे खोक्यावर बारीक अक्षरात असतं किंवा नसतंच. म्हणून माझ्याकडे एक रीत आहे. मशीन घ्यायचं असेल तर गिऱ्हाइकाने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या गाडीत, माझ्यासमोर हवा भरून पाहायची. मी हात लावत नाही. काहींना हा माझा आळस वाटतो.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. आमच्याकडच्या उन्हाळ्याने लोकांच्या मनात टायरविषयी एक भीती बसवली आहे. टायर तापला की फुटतो, म्हणून त्यातली थोडी हवा काढून टाकायची. बाप मुलाला हे शिकवतो, मुलगा भाच्याला. खरं त्याच्या उलट आहे. हवा कमी असली की टायर रस्त्यावर जास्त दबतो, फिरताना सारखा दबतो आणि सुटतो, आणि त्यानेच जास्त तापतो. गाडी धावली की टायर कोमट होणार आणि आतला दाब थोडा वाढणार, हे बनवणाऱ्याने आधीच धरलेलं असतं. म्हणून हवा मोजायची ती सकाळी, गाडी हलायच्या आधी. हे मी किती जणांना सांगितलं असेल. ऐकून मान डोलावतात आणि बाहेर जाऊन टायरला हात लावून बघतात.

मागच्या दिवाळीनंतर थंडी सुरू झाली होती. एके सकाळी दुकानासमोर एक पिवळी मिनीबस येऊन थांबली. शाळेची जुनी गाडी असावी, पण खिडक्यांना पडदे होते, टपावर पाण्याची टाकी होती आणि मागच्या दाराला कुंडी टांगलेली होती, तुळशीची नव्हे, ओव्याची. गाडीतून मॅडम उतरल्या. केस पूर्ण पांढरे, चाल तीच. मी काउंटरमागून बाहेर आलो आणि पाया पडलो. त्या पहिलं वाक्य बोलल्या ते, "दुकानात उजेड कमी आहे, प्रफुल्ल."

त्यांच्यामागून त्यांचे यजमान गौतमराव आले. भूमी अभिलेखमध्ये भूकरमापक म्हणून निवृत्त झालेले. सगळे त्यांना साहेबच म्हणतात. आयुष्यभर लोकांच्या शेताचे बांध मोजलेला हा माणूस. खिशात अजून टेप असतो. दुकानात शिरता शिरता त्यांनी माझ्या दाराची रुंदी डोळ्यांनी मोजली, हे मला कळलं.

तिसरं माणूस गाडीतच होतं. साहेबांची आई. खिडकीपाशी लावलेल्या पलंगावर उशीला टेकून बसलेली, पांढरं लुगडं, डोळ्यांत कोणाचीही टिंगल करायची तयारी. लहानपणी आपल्या बापाच्या बैलबंडीत बसून ही आजी नागपूरला धम्मदीक्षेला गेली होती. तेव्हापासून तिला बुद्धगया बघायची होती. आधी घरची परिस्थिती नव्हती, मग सुनेची नोकरी आणि नातवंडांची शाळा आली, मग कंबर गेली. आता तिला रेल्वेच्या बाकावर तासभर बसवत नाही. थोड्या थोड्या वेळाने आडवं व्हावं लागतं, बाथरूम जवळ लागतं. म्हणून दोघांनी पेन्शनीतून ही गाडी घेऊन तिचं घर केलं होतं. पलंग, छोटा ओटा, संडास, इन्व्हर्टर, सगळं. वर्ध्याला लागूनच्या पिपरी मेघेत त्यांचे शेजारी तिला रामटेक्यांची बस म्हणत. आजी तिला खोली म्हणायची.

डॉक्टरांनी जायला हरकत नाही म्हटलं होतं, पण थंडीत. ऊन चढल्यावर नाही. आणि आजी महिन्यागणिक बारीक होत चालली होती, हे मॅडमनी मला सांगितलं नाही, पण पलंगावरच्या माणसाकडे पाहून कळत होतं. जायचं तर ह्याच हिवाळ्यात.

साहेबांना टायरात हवा भरायचा पंप हवा होता. मोबाईलवरून मागवलेला एक छोटा पंप त्यांनी आणला होता. पहिल्याच टायरात त्याने जीव सोडला होता. त्यात त्याचा दोष नव्हता. तो कारसाठी होता. कारच्या टायरात तीस-पस्तीस पौंड हवा असते. ह्या गाडीला पलंग, पाणी, गॅस आणि माणसं मिळून जे ओझं होतं, त्याला ऐंशीच्या पुढे हवा लागत होती. शिवाय टायर सहा. मागे दोन्ही बाजूंना जोडटायर, आणि त्यातल्या आतल्या टायरच्या तोंडापर्यंत हातही धड जात नाही. जंगलातल्या रस्त्यावर टायर बसला आणि जवळ पंक्चरवाला असला, तरी त्याच्याकडे एवढ्या दाबाचं मशीन असेलच असं नाही. पंप बरोबर हवा, हे साहेबांचं म्हणणं अगदी रास्त होतं.

मी त्यांना तीन मशीन दाखवली. पहिलं हलकं, गाडीतल्या सिगारेट लायटरच्या भोकात लावायचं. दुसरं मधलं, दोन सिलिंडरचं, त्याचे चिमटे थेट बॅटरीला लावायचे. तिसरं टाकीवालं, घरच्या विजेवर चालणारं, जड. साहेबांनी तिन्ही नीट पाहिली, विचार करून सांगतो म्हणाले आणि गेले.

चार दिवसांनी ते पुन्हा आले. टाकीवाल्याला इन्व्हर्टर पुरेल का, हा प्रश्न होता. मला शंका आहे, मी म्हटलं. ते गेले. पुन्हा आले. चिमटेवाल्याची नळी बॅटरीपासून मागच्या आतल्या टायरपर्यंत पुरेल का? त्यांनी ते अंतर टेपने मोजून आणलं होतं, वळणांसकट. मी त्या मापाची नळी जोडून ठेवली. मग त्यांनी विचारलं, डोंगरात, उंचावर गेलं की पंप कमी हवा देतो का? मी मन लावून समजावलं. मला मजा येत होती, खोटं कशाला बोलू. इतके चांगले प्रश्न विचारणारं गिऱ्हाईक रोज मिळत नाही. आम्ही दोघं चहा घेत घेत हवेवर बोलायचो आणि बाहेर गाडीत आजी खिडकीतून रस्ता बघत बसायची.

एकदा तिने मला हाक मारून जवळ बोलावलं. "का बा, हे खोली कवा निघते?" मी म्हटलं, पंप ठरला की लगेच. तिने लेकाकडे पाहिलं. "ह्याले पाळन्यात ठेवलं तवा पाळना मोजला असन ह्यानं." साहेब हसले, पण थोडेसेच.

मग एक दिवस मॅडम एकट्या आल्या. स्कूटीवरून. खुर्चीवर बसल्या, पाणी प्यायल्या आणि मला म्हणाल्या, "आता तू त्यांना आणखी काही समजावून सांगू नकोस."

शाळेतसुद्धा त्या अशा बोलल्या की वर्गात पंखा ऐकू यायचा.

त्यांनी जे सांगितलं ते असं. आधी पलंगाची उंची ठरत नव्हती, मग पाण्याच्या टाकीची जागा, मग गॅसचा पाइप. प्रत्येक गोष्ट खरंच महत्त्वाची होती, म्हणून कोणी काही बोललं नाही. आता फक्त पंप उरला होता आणि थंडी निम्मी सरली होती. पंप ठरला की निघावं लागणार होतं. आणि निघायचीच साहेबांना भीती वाटत होती. रस्त्यात आईचं काही झालं, तर घरच्या गादीवरून तिला उठवून आपणच नेलं होतं, असं आयुष्यभर वाटत राहील, ही ती भीती. नवऱ्याने हे बायकोला बोलून दाखवलं नव्हतं. बायकोला ते न बोलता कळलं होतं. "मायला काही झालं तर होईल," मॅडम म्हणाल्या, "पण ती खिडकीत बसून तुझ्या दुकानाची पाटी वाचता वाचता होऊ नये."

मी रात्रभर विचार केला असं लिहिलं तर बरं दिसेल, पण मला उत्तर तिथल्या तिथे सुचलं, कारण ते माझ्या धंद्याचंच उत्तर होतं. स्वतःच्या गाडीत, स्वतःच्या हाताने. मी साहेबांना फोन केला आणि म्हटलं, दुकानात बसून हे ठरणार नाही. तिन्ही मशीन गाडीत घालू, गाडी पूर्ण भरून, पाण्याची टाकी भरून, आजींना घेऊन केळझरपर्यंत जाऊन येऊ. खऱ्या ओझ्याची खरी चाचणी. मोजणीवाल्या माणसाला चाचणी शब्द आवडला. ते हो म्हणाले.

रविवारी सकाळी निघालो. थंडी छान होती, ऊन कोवळं. निघायच्या आधी सहाही टायर साहेबांनी मोजले, मीही पाहिले, बरोबर होते. साहेब गाडी इतकी जपून चालवत होते की सायकलवाल्यांनी आम्हाला मागे टाकलं. मॅडम पुढे बसल्या होत्या. मी मागे आजीजवळ. तिने मला डब्यातली शेवेची बर्फी दिली आणि माझ्या बायकोचं माहेर, सासर, तिची शेती, तिच्या बहिणी, सगळं काढून घेतलं. सेलूला चहासाठी थांबलो. चहा मी गाडीतच घेतला, आजीची चौकशी अजून संपली नव्हती. साहेब बाहेर पाय मोकळे करत होते.

केळझरला देवळाकडे वळणाऱ्या रस्त्याच्या अलीकडे एक मोकळी जागा होती, कडुलिंबाची सावली होती. तिथे गाडी थांबवली. मी उतरलो आणि टायर पाहिले. पहिला जरा बसल्यासारखा वाटला. दुसराही. मी फिरून सगळे पाहिले. सहाच्या सहा टायर कमरेत वाकले होते.

मी साहेबांकडे पाहिलं. त्यांनी शांतपणे सांगितलं की सेलूला टायरला हात लावून पाहिला तर गरम लागला, म्हणून सगळ्यांतली थोडी थोडी हवा त्यांनी काढली. आईला घेऊन जायचं म्हणजे धोका नको.

भर थंडीत. मॅडमनी कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, "अहो, मी ज्या घरात राहते त्या घराला सोडून अख्ख्या तालुक्याला हा धडा शिकवला."

साहेबांचा चेहरा उतरला. त्यांना विनोद दिसत नव्हता. त्यांना दिसत होतं ते एवढंच की घरापासून तासाभराच्या रस्त्यावर आपल्या हाताने सहा टायर बिघडले. ते म्हणाले, परत जाऊ. वर्ध्याहून माणूस बोलावू, तो हवा भरेल, हळूहळू घरी नेऊ. आवाजात जे होतं ते मी ओळखलं. ते वर्ध्याला परतण्याविषयी बोलत नव्हते. ते सगळंच सोडून देण्याविषयी बोलत होते.

मी म्हटलं, साहेब, ह्याच्याहून चांगली चाचणी मी रचू शकलो नसतो. एक टायर बसला असता तरी मला समाधान झालं असतं, तुम्ही सहा दिलेत. चला, भरा. मी हात लावणार नाही.

आजीला खुर्चीत उतरवून सावलीत बसवलं. साहेबांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या.

आधी हलकं मशीन. लायटरच्या भोकात लावलं, पुढच्या टायरला जोडलं. ते जोरात ओरडायला लागलं. काटा हळूहळू चढला, मग आणखी हळू, मग साठाच्या जरा पुढे मशीन अंगाने तापलं आणि आपलं आपणच बंद पडलं. ते वाईट नव्हतं. कारवाल्याला मी ते आजही देतो. इथे ते पाटीभर वाळू ओंजळीने उचलत होतं.

मग टाकीवालं, कारण साहेबांचा जीव मनातून त्याच्यावर होता. मोठं ते सुरक्षित, असं त्यांना वाटायचं. आम्ही दोघांनी ते उतरवलं तेव्हाच त्यांच्या कमरेने मत दिलं. इन्व्हर्टरला जोडलं, बटण दाबलं, इन्व्हर्टरने एक लांब किंकाळी फोडली आणि गाडीतले दिवे, पंखा, सगळं गेलं. अशी मोटर सुरू होताना एकदम खूप वीज ओढते, तेवढी द्यायची ताकद त्या इन्व्हर्टरमध्ये नव्हती. आजी खुर्चीतून म्हणाली, "मारलं का त्याले?"

आता तिसरं. म्हणजे दुकानातलं दुसरं. साहेबांनी इंजिन चालू ठेवलं, म्हणजे बॅटरी उतरत नाही. लाल चिमटा, काळा चिमटा. नळी पसरली. टायरच्या तोंडावर नळीचं टोक आटे फिरवून बसवलं, नुसतं दाबून नव्हे. मशीन सुरू झालं, आवाज भरदार, पण एका लयीत. काटा साठ ओलांडून गेला, सत्तर ओलांडून गेला, ऐंशी ओलांडल्यावर साहेबांनी बंद केलं, गेज लावून मोजलं आणि पुन्हा मोजलं. एक टायर झाला. मशीनला थोडा श्वास घेऊ द्यायला मी सांगितलं, तेवढ्यात चहा झाला. मग दुसरा.

मागच्या आतल्या टायरची वेळ आली तेव्हा देवळाकडे जाणारी पाच-सात माणसं थांबून बघायला लागली होती. प्रत्येकाकडे सल्ला होता. एकाने तर साहेबांना सांगितलं की दादा, उन्हात चालली गाडी, थोडी कमीच ठेवा हवा. साहेब गाडीखाली चटईवर आडवे पडलेले होते, नुसते पाय बाहेर. आतून आवाज आला, "कमी ठेवली का टायर जास्त तापते, भाऊ. सकाळी मोजाची, थंडी असताना." मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं. हसू आलं असतं तर साहेबांना ऐकू गेलं असतं.

त्या आतल्या टायरसाठी मी एक लवचिक जोडनळी आणली होती, ती तोंडाला लावून ठेवली की पुढे प्रत्येक वेळी आडवं पडावं लागत नाही. ती बसवणं किचकट काम. मी बसवली नाही. साहेबांनी बसवली, बोटं सोलून घेऊन. आणि बॅटरीपासून इतक्या आत, त्या वळणावळणाने, नळी बरोबर पुरली. एक वीत उरली, बस. त्यांचं माप होतं.

सहावा टायर भरून ते उठले तेव्हा शर्टाची पाठ मातीने भरली होती, हात काळे, कपाळावर ग्रीसची रेघ. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. मग आणखी एक. गाडी ताठ उभी होती. इतक्या दिवसांत मी साहेबांना असं ताठ उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. त्यांनी पंप पुसला, नळी गुंडाळली आणि दोन्ही खोक्यात न ठेवता पलंगाखालच्या कप्प्यात ठेवलं. म्हणजे ठरलं.

मग ते स्टिअरिंगवर बसले आणि गाडी वर्ध्याच्या बाजूला वळवायला लागले.

आजीला आम्ही पुन्हा पलंगावर बसवलं होतं. ती म्हणाली, "गौतम, मांगं काऊन फिरवून राह्यला?"

"घरी जायचं ना माय."

"घर तं हे हाय. पानी हाय, हवा हाय, माही गोधडी हाय. आनखी का पाह्यजे तुले?"

साहेबांनी इंजिन बंद केलं. ते आईकडे वळले. मग अगदी हिशेबी माणसाच्या आवाजात म्हणाले की औषधं घरी आहेत. मॅडमनी ओट्याखालचा कप्पा उघडला. औषधं तिथे होती. स्वेटर होते, तांदूळ-डाळ होती, साहेबांचा चष्म्याचा दुसरा जोड होता. घराची चावी शेजारी दिली का, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मॅडम म्हणाल्या, "ती मी नेहमीच देते."

साहेबांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले, आणि ते म्हणाले, "माय, रस्त्यात त्रास झाला तं सांगजो. लपवजो नको."

"तू चाल तं आधी," आजी म्हणाली.

गाडीचं तोंड नागपूरकडे वळलं. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की मी अजून गाडीतच आहे. मी उतरलो. हलकं मशीन एका हातात, टाकीवालं कडुलिंबाखाली. मॅडमनी खिडकीतून मला शेवेच्या बर्फीचा डबा दिला, कारण घरी जाऊन सांगायला काहीतरी पाहिजे. पिवळी गाडी ताठ टायरांवर हळूहळू चढावर गेली. साहेबांनी ह्यावेळीही एका सायकलवाल्याला पुढे जाऊ दिलं.

एसटीच्या कंडक्टरला टाकीवालं मशीन काय आहे ते समजावताना माझी दमछाक झाली. बॉम्ब नाही, हवा आहे, मी म्हटलं. तो म्हणाला, मग तिचं तिकीट कशाला, आणि मशीनचं मात्र सामान म्हणून लावलं. रस्ताभर मी एकटाच हसत होतो आणि शेजारचा माणूस थोडा सरकून बसला.

ते पोचले. मजल दरमजल करत, आजी आडवी होईल तेव्हा थांबत. मॅडमनी बुद्धगयेहून फोन केला. आजी झाडाखाली बराच वेळ बसली, मग म्हणाली की बाप पाहिजे होता. दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, ही खोली आणखी कुठंकुठं जाते? काही दिवस तिथे राहून ते पुढे निघणार होते. फोनवर मॅडमनी पंपाबद्दल माझे आभार मानले. गिऱ्हाईक आलं असं सांगून मी फोन ठेवला आणि त्या उतरलेल्या विहाराच्या पत्त्यावर पत्र पाठवलं. त्याची मोबाईलवर काढलेली प्रत माझ्याकडे आहे. ते असं :

आदरणीय मॅडम,

सविनय जयभीम.

तुमचा फोन आला तेव्हा दुकानात गिऱ्हाईक होतं असं मी म्हणालो. गिऱ्हाईक नव्हतं. फोन ठेवून मी हा कागद घेतला. तुम्ही माझे आभार मानलेले मला चालत नाहीत, म्हणून ते परत पाठवतो आहे. मला जे काही समजावून सांगता येतं, ते तुमच्या वर्गात बसून आलं. माझ्या मुलीला परवा टायरचं सगळं सांगत होतो तेव्हा ती म्हणाली, बाबा तुम्ही मास्तरसारखं बोलता. मी तिला सांगितलं कोणासारखं बोलतो ते.

साहेबांनी रस्त्यात टायर बसलेल्या एका वऱ्हाडाच्या गाडीला हवा भरून दिली आणि त्यांनी साहेबांना हार घातला, हे त्यांनी मला स्वतः फोन करून सांगितलं. तुम्हाला सांगू नका म्हणाले. तुम्हाला आधीच माहीत असेल.

आजींना जितकं फिरायचं तितकं फिरू द्या. पंप कुठेही कमी पडणार नाही, माझा शब्द. त्याला दोन टायरांमध्ये थोडा आराम द्या आणि वापरताना इंजिन चालू ठेवा, एवढंच.

परत येताना मात्र आपल्याकडे ऊन लागलेलं असेल. पहाटे चाला, दुपारी सावलीत थांबा, आजींना त्रास होणार नाही. हवा सकाळीच मोजायची, आणि मग दिवसभर टायरला हात लावायचा नाही. जबलपूरच्या अलीकडे रस्ता तापला की साहेबांचा हात शिवशिवेल, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. तेव्हा सकाळची मोजणी झाली की गेज आजींच्या उशीखाली ठेवत जा. त्यांच्याकडून ते संध्याकाळपर्यंत कोणाला मिळणार नाही.

तुमचा विद्यार्थी,
प्रफुल्ल